घरातला दिवा : कोणता आणि कशासाठी?

काशीच्या समोर, गंगेच्या पूर्व तीरावर रामनगर आहे. काशीनरेशांचा किल्ला तेथे अठराव्या शतकापासून उभा आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून अनंत चतुर्दशीच्या सुमारास तेथे महिनाभर चालणारी रामलीला सुरू होते. अयोध्या, जनकपूर, पंचवटी, लंका अशी तिची स्थळे गावभर पसरलेली आहेत आणि कथेबरोबर प्रेक्षकही एका स्थळाकडून दुसऱ्या स्थळाकडे चालत जातात. २००८ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात रामलीलेचा समावेश केला. या लीलेचा एक नियम विशेष आहे. तिच्यात ध्वनिक्षेपक नाही आणि विजेचा दिवाही नाही. अंधार पडला की पेट्रोमॅक्सच्या बत्त्या पेटतात आणि आरतीच्या वेळी महताबीचा उजेड क्षणभर सर्वांच्या मुद्रा उजळून जातो.

हा हट्ट जुनाट वाटेल. परंतु त्यात एक विचार आहे. बत्तीचा उजेड थोड्याच जागेवर पडतो. बाकीचा अंधार तसाच राहतो, त्यामुळे दृष्टी आपोआप उजेडाकडे, म्हणजे लीलेकडे वळते. तेथे जे काम आहे त्याला तो दिवा योग्य आहे. लीला पाहून घरी परतणारा माणूस मात्र विजेचे बटण दाबतो, आणि तेही योग्यच आहे. कारण त्याला आता भाजी निवडायची आहे किंवा मुलांचा अभ्यास घ्यायचा आहे. दिवा निवडताना पहिला प्रश्न किमतीचा नसतो, कामाचा असतो. किंमत दुसरी येते. आणि तीही दुकानातली एकटी पुरत नाही, विजेच्या बिलातली तिच्यात मिळवावी लागते.

आज बहुतेक घरांपुढे तीन प्रकारचे दिवे आहेत. पहिला तारेचा पिवळा बल्ब, दुसरी ट्यूबलाइट व तिचे वळवलेले छोटे भावंड सीएफएल, आणि तिसरा एलईडी. तिन्ही वीज खातात आणि उजेड देतात. परंतु उजेड निर्माण करण्याची प्रत्येकाची रीत अगदी निराळी आहे. ती कळली म्हणजे गुणदोष वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

तारेच्या बल्बात टंगस्टनची बारीक तार असते. विजेने ती सुमारे अडीच हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि तापल्यामुळे प्रकाशते. लोहाराच्या भट्टीतले लोखंड लाल होते, त्याचाच हा पुढचा टप्पा. म्हणजे हा दिवा मूळचा उष्णतेचाच आहे. त्याला दिलेल्या विजेपैकी जेमतेम वीसावा हिस्सा डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशात उतरतो. बाकीची खोली तापवण्यात जाते. तापलेल्या तारेची हळूहळू वाफ होते, काच आतून काळी पडते आणि साधारण एक हजार तासांनी तार तुटते. हे तुटणे बहुधा बटण दाबतानाच घडते, कारण थंड तारेचा रोध अगदी कमी असतो आणि पहिल्या क्षणी तिच्यातून कितीतरी पट प्रवाह धावतो. या दिव्याचे गुण मात्र नाकारता येत नाहीत. त्याचा उजेड डोळ्यांना सुखद असतो आणि त्यात रंग खरे दिसतात. कोंबडीची पिले उबेत ठेवण्यासाठी तर हाच दिवा लागतो, कारण तेथे त्याची उष्णता वाया जात नाही.

ट्यूबलाइटमध्ये तार तापवून उजेड मिळवत नाहीत. काचेच्या नळीत पाऱ्याची थोडी वाफ असते. तिच्यातून वीज गेली की डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण निघतात, आणि नळीच्या आतील पांढरा लेप त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. त्यामुळे तेवढ्याच विजेत तारेच्या बल्बाच्या चार-पाच पट उजेड मिळतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वी, १९३८ च्या सुमारास, ही नळी बाजारात आली आणि पुढे आपल्याकडच्या कचेऱ्या, शाळा व बैठकीच्या खोल्या तिने उजळून टाकल्या. तिचे स्वभावदोषही घराघरांत माहीत आहेत. वीज मंद असली की ती लुकलुकते, पेटत नाही; चोक गुणगुणतो, स्टार्टर बदलावा लागतो. दर वेळी पेटताना तिच्या टोकांवरील लेप थोडा झिजतो; म्हणून न्हाणीघरात किंवा जिन्यात, जेथे दिवा वारंवार लावला व मालवला जातो, तेथे ट्यूब व सीएफएल लवकर जातात. जुन्या चोकवरची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होते. डोळ्याला ते सहसा जाणवत नाही, पण त्या उजेडात फिरते चाक स्थिर असल्याचा भास होऊ शकतो. म्हणून यंत्राजवळ ती धोक्याची.

सर्वांत मोठा आक्षेप पाऱ्याचा. एका दिव्यात तो काही मिलिग्रॅमच असतो. तरीही दिवा फुटला तर घाबरून न जाता काळजी घ्यावी. खिडक्या उघडून मुलांना काही वेळ खोलीबाहेर ठेवावे, केरसुणी फिरवू नये, तुकडे जाड कागदाने उचलून ओल्या फडक्याने जमीन पुसावी, आणि सर्व काही बंद डब्यात किंवा पिशवीत घालून वेगळे द्यावे. पाऱ्याच्या धोक्यामुळेच मिनामाता करारातील देशांनी २०२३ साली, २०२७ अखेरपर्यंत अशा दिव्यांचे उत्पादन आणि आयात-निर्यात बंद करण्याचे ठरवले. भारत या करारात आहे. तेव्हा नव्या घरात ट्यूबची बैठक बसवण्यात आता अर्थ उरलेला नाही.

एलईडीत तारही नाही आणि वाफही नाही. अर्धवाहकाच्या एका इवल्या कणातून वीज जाते, तेव्हा इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जेच्या पातळीवरून खालच्या पातळीवर उतरतात आणि त्यातली तफावत प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. लाल एलईडी १९६२ सालीच तयार झाला होता. पांढऱ्या उजेडासाठी निळा हवा होता, आणि तो हाती यायला तीस वर्षे लागली. इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी तो साधला. त्याबद्दल त्यांना २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या बहुतेक घरगुती एलईडीत कण निळाच असतो. त्यावरच्या पिवळसर लेपामुळे एकंदर उजेड पांढरा होतो.

आता हिशेब पाहू. दिव्याचा उजेड वॅटमध्ये मोजण्याची आपली सवय जुनी आहे. परंतु वॅट हे खर्चाचे माप आहे, उजेडाचे नव्हे. उजेडाचे माप ल्यूमेन. साठ वॅटचा पिवळा बल्ब सुमारे ७०० ल्यूमेन देतो. पंधरा वॅटचा सीएफएल किंवा नऊ वॅटचा चांगला एलईडी ८०० च्या आसपास. रोज पाच तास दिवा जळतो आणि युनिटला सहा रुपये पडतात असे धरले, तर वर्षाला पिवळ्या बल्बाचे सुमारे ६६० रुपये, सीएफएलचे १६५ रुपये आणि एलईडीचे १०० रुपये होतात. म्हणजे बैठकीच्या किंवा स्वयंपाकाच्या खोलीतला एकच बल्ब बदलला, तरी नव्या दिव्याची किंमत काही महिन्यांत भरून निघते.

याच हिशेबाची दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही. अडगळीच्या खोलीत दिवा दिवसाला दहा मिनिटेच लागत असेल, तर तेथे पिवळा बल्ब वर्षाला अवघी बावीस रुपयांची वीज जाळतो. एलईडीने त्यातले एकोणीस वाचतील. दिव्याला शंभर रुपये पडले तर ते फिटायला पाच वर्षे लागतील. चालू ट्यूबचेही तसेच. छत्तीस वॅटची ट्यूब जुन्या चोकसह सुमारे ४८ वॅट घेते, वीस वॅटची एलईडी पट्टी बहुतेक खोल्यांत तिची जागा घेऊ शकते, आणि पाच तासांच्या वापरात वर्षाला सुमारे तीनशे रुपये वाचतात. बचत खरी आहे, पण घाई करण्यासारखी नाही. ट्यूब किंवा चोक गेला की सबंध बैठकच बदलावी, हा शहाणपणाचा मार्ग. जेथे दिवा अधिक तास जळतो तेथून आरंभ करावा, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

गोरगरिबांच्या घरी हा हिशेब पहिल्याच पायरीवर अडत असे. दिवसाची मिळकत मोजून खर्च करणाऱ्याला पुढच्या वर्षीची बचत दिसली, तरी आजची किंमत देववत नाही. २०१४ च्या सुरुवातीस सरकारी खरेदीत एका एलईडीला तीनशे रुपयांवर किंमत पडत होती. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली, मागणी एकत्र करून निविदा निघाल्या, आणि पुढील काही वर्षांत ती किंमत चाळीस रुपयांच्या आत आली. मार्च २०२१ मध्ये बिहारमधील आरा येथून ग्राम उजाला योजनेचा आरंभ झाला. तिच्या पहिल्या टप्प्यात वाराणसी जिल्ह्यातील खेडी होती, तशीच आपल्या नागपूर जिल्ह्यातीलही होती. सात व बारा वॅटचे एलईडी प्रत्येकी दहा रुपयांना मिळत. अट एवढीच, की बदल्यात चालू स्थितीतला पिवळा बल्ब द्यायचा. ही अट मार्मिक होती. जुना दिवा घरात राहिला असता, तर तो दुसऱ्या खोलीत लागला असता आणि बचतीऐवजी बिल वाढले असते.

एलईडीलाही दोष आहेत. त्याचा झोत गार असतो, परंतु बुडाशी उष्णता साचते आणि वीज नियंत्रित करणारे आतले छोटे मंडल त्या उष्णतेने बिघडते. पंधरा-वीस हजार तासांचे आयुष्य वेष्टनावर छापलेले असूनही काही दिवे वर्षभरात जातात, त्याचे एक कारण हे आहे. नागपूर काय किंवा वाराणसी काय, उन्हाळ्यात जेथे तापमान ४५ अंशांच्या घरात जाते, तेथे एलईडी काचेच्या बंद हंडीत बसवू नये. त्याला हवा लागते. जुन्या उजेड-नियंत्रकावर साधा एलईडी चालत नाही. बटणातील सूचक दिव्यामुळे तो मालवल्यावरही कधी मंद मिणमिणतो. त्यात भिण्यासारखे काही नाही. खरेदी करताना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, ऊर्जाबचतीचे तारे, ल्यूमेन आणि हमीची मुदत, ही चार वाचावीत. तारांचे लेबल एलईडीवर २०१८ पासून सक्तीचे आहे.

राहिला उजेडाचा रंग. वेष्टनावर केल्विनचा आकडा असतो. २७०० म्हणजे जुन्या बल्बासारखा पिवळसर, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. स्वयंपाकघर व अभ्यासाच्या मेजाला मधला किंवा पांढरा बरा; निजण्याच्या खोलीत पिवळसरच हवा, कारण रात्री निळसर उजेड झोप लांबवतो. बनारसी शालू विणणारा किंवा निवडणारा माणूस जाणतो, की निकृष्ट दिव्याखाली मरून आणि जांभळा यांत गफलत होते. म्हणून जेथे रंगांशी काम आहे तेथे सीआरआय हा आकडा पाहावा. तो शंभराच्या जितका जवळ, तितके रंग खरे. घरातील वृद्धांना विसरू नये. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळसर होते, बाहुली लहान राहते, आणि त्याच अक्षरांना तरुणापेक्षा बराच अधिक उजेड लागतो. सबंध खोली लख्ख करण्यापेक्षा आजोबांच्या खुर्चीजवळ एक वेगळा दिवा दिला तर त्यांचे वाचन सुटत नाही आणि बिलही वाढत नाही.

तात्पर्य, आजच्या घरात बहुतेक जागी एलईडी हेच उत्तर आहे. पण ते एकदम व सर्वत्र देण्याचे कारण नाही. आधी जेथे दिवा संध्याकाळभर जळतो ती जागा, मग जेथे जुना दिवा गेला ती. दुकानात जाण्यापूर्वी घरातल्या प्रत्येक दिव्याचे रोजचे तास एका कागदावर मांडावेत. तो कागद हाती असला, म्हणजे कोणता दिवा घ्यावा हे दुकानदाराला विचारण्याची गरज उरत नाही.