एका दिवसाचे फूल

डेलिलीचे फूल सकाळी उमलते नि दिवसाबरोबर संपते. पण दांड्यावर कळ्या पुष्कळ, म्हणून बहर काही आठवडे चालतो. मूळ चीन-जपानकडचे हे झाड. त्याची अमेरिकेत रस्त्याकडेला पसरलेली नारिंगी जात बी जवळजवळ धरीतच नाही. न्यूयॉर्कच्या वनस्पती-उद्यानातील स्टाउट यांनी या वांझपणाचा अभ्यास केला. १९३४ साली डेलिलीवर ग्रंथही लिहिला. मग ती पसरली कशी? गड्डे फोडून, हातोहात! संकरित जातींना बी धरते, पण रोप आईसारखे निघत नाही. म्हणून आवडती जात राखायची तर गड्डाच फोडावा आणि निम्मा शेजाऱ्याला द्यावा. (संघटनेतला माणूस मी, वाटपाचीच बाजू घेणार!) आपला गड्डा कुजला, तर त्याच्याकडून परत मागता येतो. फोडताना प्रत्येक तुकड्याला पाने नि मुळे दोन्ही राहू द्यावीत. पाने वीतभर ठेवून छाटावीत.