विश्लेषण : आदळून दूर गेलेले अणू ‘गुंतलेले’ का राहतात?

मेहकरजवळचे लोणार सरोवर ही एका टकरीची खूण आहे. अशनी आदळला आणि बेसॉल्ट खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पडले. ती टक्कर एकाच ठरलेल्या मार्गाने झाली. अणूंच्या टकरीत मात्र असा एकच मार्ग नसतो.

अणूंची टक्कर वेगळी कशी?

कॅरममध्ये स्ट्रायकर सोंगटीला लागला की दोघांची दिशा तिथेच ठरते, कुणी पाहो वा न पाहो. दोन अणू आदळल्यावर मात्र अनेक दिशांच्या शक्यता एकत्र नांदतात. मोजण्यापूर्वी कोणत्याही अणूला स्वतःची निश्चित दिशा नसते. मात्र एकूण संवेग कायम राहत असल्याने एकाची दिशा मोजली की दुसऱ्याचीही कळते. हेच ‘क्वांटम एन्टँगलमेंट’. एर्विन श्रोडिंगर यांनी १९३५ मध्ये त्याला नाव दिले. यातून प्रकाशापेक्षा वेगाने संदेश मात्र पाठवता येत नाही.

प्रयोगात काय दिसले?

२००३ मध्ये म्युनिकच्या शास्त्रज्ञांनी लेसरच्या जाळीत पकडलेल्या रुबिडियम अणूंच्या नियंत्रित टकरी घडवून त्यांना गुंतवले. २०२३ मध्ये प्रिन्स्टन आणि हार्वर्ड येथील गटांनी कॅल्शियम फ्लोराइडचे रेणूही गुंतवून दाखवले.

मुंबईचे योगदान काय?

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ई. कृष्णकुमार, वैभव प्रभुदेसाई आणि ब्रिटनचे नायजेल मेसन यांनी हायड्रोजनच्या रेणूवर इलेक्ट्रॉन आदळवले. रेणूतील दोन्ही अणू सारखेच. त्यामुळे फुटल्यावर ऋण आयन पुढे आणि मागे समान प्रमाणात जावेत, अशी अपेक्षा होती. तसे झाले नाही. कारण इलेक्ट्रॉन चिकटताच रेणू एकाच वेळी दोन अवस्थांत जातो आणि त्या अवस्था एकमेकींत मिसळतात. हे संशोधन २०१८ मध्ये ‘नेचर फिजिक्स’मध्ये प्रसिद्ध झाले. यात एन्टँगलमेंट मोजलेले नव्हते. पण त्याच्या मुळाशी असलेले अवस्थांचे मिश्रण साध्या टकरीतही टिकते, हे त्यातून दिसले.

याचा उपयोग काय?

टक्कर दुधारी आहे. नियंत्रित टक्कर अणूंना गुंतवते, तर हवेतल्या भरकट्या रेणूचा एक धक्का क्वांटम संगणकातील नाजूक गुंतवण विस्कटतो. म्हणूनच अशा अणूंना अतिनिर्वात कक्षात ठेवावे लागते. केंद्राने २०२३ मध्ये ६,००३ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केले असून, त्यातील संवेदन व मापन केंद्र आयआयटी मुंबईत आहे. टकरी किती काटेकोरपणे हाताळता येतात, यावरच अशा उपकरणांची अचूकता बऱ्याच अंशी ठरेल.