२४ बिटवरून १६ बिटवर येताना आवाज का बिघडतो?

डिजिटल ध्वनिमुद्रणात प्रत्येक नमुन्याचे मूल्य ठरावीक पायऱ्यांपैकी एकीवर बसवावे लागते. २४ बिटमध्ये अशा १,६७,७७,२१६ पायऱ्या असतात, तर सीडीच्या १६ बिटमध्ये फक्त ६५,५३६. सीडीसाठी फाइल तयार करताना खालचे ८ बिट नुसते छाटले, तर मूळ मूल्य आणि नवी पायरी यांच्यातला फरक चूक म्हणून आवाजात मिसळतो.

मोठ्या, भरगच्च आवाजात ही चूक जवळजवळ स्वैर असते. ती हलक्या खरखरीसारखी भासते आणि सहसा ऐकूही येत नाही. खरी अडचण मंद आवाजात. तंबोऱ्याचा झंकार विरत जातो तेव्हा शेवटी त्याची लहर दोन-तीन पायऱ्यांतच मावते आणि तिची गोलाई जाऊन ती खाचखळग्यांची होते. आता चूक स्वराच्याच मागोमाग चालते, म्हणून मुळात नसलेले स्वरांश उमटतात. त्यांतले काही नमुनादराच्या निम्म्यापलीकडे जातात आणि उलटून खाली येतात. त्यांचा मूळ स्वराशी मेळ उरत नाही. कानाला सर्वांत जास्त खुपतात ते हेच. एका पायरीहून लहान आवाज तर पूर्ण नाहीसाही होतो.

यावरचा उपाय म्हणजे डिदर. छाटणीपूर्वी अतिसूक्ष्म यादृच्छिक गोंगाट मिसळला जातो. त्यामुळे चुकीचे स्वराशी असलेले नाते तुटते, विकृतीच्या जागी एकसारखी मंद सुरसुर राहते आणि पायरीहून लहान स्वरही तिच्यातून ऐकू येतो. गोंगाट घालून आवाज शुद्ध करणारे हे तत्त्व ध्वनितंत्रातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक आहे. डिदर मात्र सगळे संस्करण संपल्यावर, अगदी शेवटच्या टप्प्यातच द्यावा.