शर्यतीचा बूट : आधी पाय मोजा, मग पैसे मोजा

मित्रांनो, पहाटे साडेपाचला आमच्या कुरुंद्यातून निघणाऱ्या कुठल्याही रस्त्यावर उभे राहा. टोकाई गड अजून अंधारात असतो आणि डांबरावर पावलांचा आवाज सुरू झालेला असतो. कोणी पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करतंय, कोणी सैन्यात जायचं म्हणून पळतंय, तर कोणाला दहा किलोमीटरच्या किंवा हाफ मॅरेथॉनच्या शर्यतीत उतरायचंय. मराठवाड्याला पळण्याचं वावडं नाही. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२० च्या दिल्ली हाफ मॅरेथॉनमध्ये १ तास ३० सेकंदांत पळाला. ६१ मिनिटांच्या आत ही शर्यत संपवणारा तो पहिला भारतीय. परभणीची ज्योती गवते २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. १ मे १९९९ पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होतं, म्हणजे ती आपलीच!

या पळणाऱ्या पोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो, 'बूट कोणता घेऊ?' दुकानदार म्हणतो, 'कार्बन प्लेटवाला घे, उडशील.' असा बूट दहा हजारांच्या पुढे, कधीकधी वीस हजारांच्याही पुढे जातो. वसमतच्या मोंढ्यात एक क्विंटल हळद घालून जी पट्टी हातात पडते, ती एका जोडात संपते. घरच्यांना इतका खर्च करायला लावण्याआधी एवढं तरी कळायला हवं, की तो बूट 'माझ्या' पायाला किती सेकंद देतो? हा प्रश्न जाहिरातीचा नाही, मोजमापाचा आहे. आणि मोजमाप म्हटलं की आपण इंजिनिअर लोकांनी मागे राहून कसं चालेल?

बुटाच्या पोटात काय असतं?

बुटाचे ठळक भाग चार. जमिनीला घासतो तो रबरी तळ म्हणजे आउटसोल. त्याच्यावर फोमचा जाड थर, तो मिडसोल. पायाला वरून धरून ठेवणारं कापड म्हणजे अप्पर. आणि टाचेमागची ताठ वाटी म्हणजे हील काउंटर. टाचेखालची जाडी आणि चवड्याखालची जाडी यांतला फरक म्हणजे ड्रॉप. शर्यतीच्या बुटात हे सगळं असतं, फक्त वजन कमी, फोम चांगला आणि टिकाऊपणा बेताचा.

खरी करामत मिडसोलची. पाऊल टेकलं की फोम दबतो आणि ऊर्जा साठवतो. पाऊल उचलताना तो उसळतो आणि ऊर्जा परत करतो. मधल्या मध्ये काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये हिस्टेरिसिसचा लूप काढलाय ना? तोच हा. लूपचं क्षेत्रफळ म्हणजे वाया गेलेली ऊर्जा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये शर्यतीचे तीन बूट यंत्राखाली दाबून पाहिले. नेहमीच्या ईव्हीए फोमच्या बुटाने सुमारे ६६ टक्के ऊर्जा परत दिली, टीपीयू फोमच्या बुटाने ७६ टक्के आणि नव्या पेबा फोमच्या बुटाने ८७ टक्के. लक्षात घ्या, बूट स्वतःची ऊर्जा कुठून आणत नाही. तुमचीच तुम्हाला परत देतो, फक्त कमी कापून.

मग कार्बनची प्लेट कशाला? ती फोमच्या आत चमच्यासारखी वाकडी बसवलेली असते. तिच्यामुळे बूट सहज दुमडत नाही आणि बोटांच्या सांध्यात जाणारी ऊर्जा थोडी वाचते. पण एकटी प्लेट काही जादू करत नाही. फोम, वजन, आकार आणि प्लेट ही सगळी मिळून एक यंत्रणा आहे.

वजनाचा हिशोब सोपा आहे. प्रत्येक बुटाला १०० ग्रॅम वाढले, की पळायला लागणारी ऊर्जा साधारण एक टक्क्याने वाढते. पायाला बांधलेलं वजन प्रत्येक पावलाला वेग द्यायचं आणि थांबवायचं असतं, म्हणून ते पाठीवरच्या वजनापेक्षा महाग पडतं.

'चार टक्के' म्हणजे नक्की किती?

कोलोरॅडोच्याच त्या प्रयोगात १८ धावपटू ताशी १४, १६ आणि १८ किलोमीटर वेगाने पळाले. नव्या बुटात त्यांची सरासरी चार टक्के ऊर्जा वाचली. जाहिरातीत आला तो हाच आकडा. पण त्यातल्या तीन गोष्टी जाहिरातीत येत नाहीत.

पहिली गोष्ट, चार ही सरासरी आहे. त्याच प्रयोगात कोणाला दोनच्या आसपास फायदा झाला, कोणाला सहाच्या. २०२३ मध्ये केनियाच्या अव्वल धावपटूंवर असाच अभ्यास झाला. धावपटू मोजकेच होते, पण काहींना दहा टक्क्यांहून जास्त फायदा दिसला आणि काहींना जवळजवळ तेवढाच तोटा! म्हणजे मित्राला लागू पडला तो बूट तुम्हाला पडेलच असं नाही.

दुसरी, ऊर्जेतली बचत म्हणजे वेळेतली बचत नव्हे. वेग वाढला की हवेचा विरोधही वाढतो, म्हणून जोरात पळणाऱ्याच्या घड्याळात टक्के कमी भरतात.

तिसरी, हळू पळणाऱ्याला फायदा कमी. ताशी १० ते १२ किलोमीटर वेगाला तो सरासरी एक-दीड टक्क्यापर्यंत उतरलेला आढळला आहे. दोन तासांत हाफ मॅरेथॉन संपवणाऱ्याचा वेग ताशी साडेदहा किलोमीटर असतो. एक टक्का म्हणजे त्याची ७२ सेकंदं. आणि साडेपाच मिनिटांत १६०० मीटर मारणाऱ्याला एक टक्का म्हणजे तीन सेकंदांच्या जरा वर. भरतीत तीन सेकंदंही मोलाची, हे खरं. पण तेवढी सेकंदं नियमित सरावातूनही निघतात, आणि त्याला पट्टी मोडावी लागत नाही.

नियम काय सांगतो?

१२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नात इलियुड किपचोगे १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर पळाला. वेग राखून देणारे धावपटू आलटून-पालटून आत येत होते, त्यामुळे तो विक्रम म्हणून धरला गेला नाही. पण त्याच्या पायातल्या जाड तळाच्या बुटांवर जगभर वाद पेटला. जानेवारी २०२० मध्ये वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सने रस्त्यावरच्या शर्यतींसाठी नियम आणला : तळ ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि आत एकापेक्षा जास्त ताठ प्लेट नको. थोडक्यात, बुटाने फरक पडतो हे नियम करणाऱ्यांनीही मान्य केलंय.

आधी पाय, मग बूट

अबेबे बिकिला १९६० च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी पळाला आणि जिंकला. तिथे मिळालेले बूट त्याच्या पायाला नीट बसत नव्हते. चार वर्षांनी टोकियोत तो बूट घालून पळाला आणि पुन्हा जिंकला. न बसणाऱ्या बुटापेक्षा बूट नसलेला बरा, हा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही (अनवाणी पळा असा मात्र नव्हे, आपल्या रस्त्यावर काचा आणि बाभळीचे काटे दोन्ही असतात!).

पाय असा मोजा. दिवसभरात पाय थोडे सुजतात, म्हणून संध्याकाळची वेळ घ्या. भिंतीला टाच लावून कागदावर उभे राहा. वजन दोन्ही पायांवर हवं. पेन्सिल सरळ धरून आकृती काढायला मित्राला सांगा. टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंतची लांबी आणि चवड्याची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहा. बऱ्याच जणांचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, ते विसरू नका. दोन्ही पाय मोजा, कारण ते सहसा सारखे नसतात. बूट मोठ्या पायाचा घ्यायचा.

लांबीत बोटापुढे साधारण १० मिलिमीटर जागा हवी. यूकेचा एक नंबर म्हणजे साडेआठ मिलिमीटर आणि युरोपचा एक नंबर म्हणजे सुमारे पावणेसात. म्हणून 'माझा आठ नंबर' एवढ्यावर भागत नाही. प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा असतो.

आपल्याकडे खरी अडचण रुंदीची. लहानपण अनवाणी किंवा चपलेत गेलं की चवडा मोकळा पसरतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण भारतातल्या कायम अनवाणी चालणाऱ्यांचे पाय बूट वापरणाऱ्यांपेक्षा रुंद आढळले. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभर एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले आणि भारतीयांसाठी 'भा' नावाची वेगळी मापपद्धती सुचवली. कारण हेच, आपला पाय युरोप-अमेरिकेच्या मापापेक्षा रुंद निघाला. आणि शर्यतीचे बूट तर मुद्दाम अरुंद बनवतात! मग पोरं एक नंबर मोठा घेतात. रुंदी जेमतेम जमते, पण टाच आत खेळायला लागते.

दुकानात हे करून बघा :

१. आतला सोल काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. चवडा कडेबाहेर सांडला, तर बूट अरुंद.

२. पळताना घालता तेच मोजे घालून, दोन्ही पायांत बूट चढवून, लेस नीट बांधा. चालताना टाच वर उचलली जाते का बघा. थोडी उचलत असेल तर लेस सगळ्यात वरच्या भोकातून ओवून पाहा.

३. उतारावर किंवा पायऱ्यांवरून उतरा. बोटं पुढे आदळली, तर हाफ मॅरेथॉननंतर नखं काळी पडणार.

४. एका पायावर उभे राहून गुडघा वाकवा. जाड, मऊ तळावर पाय आत-बाहेर डुलत असेल, तर दमलेल्या पायाला तो आणखी डुलणार.

चौथी चाचणी आपल्यासाठी फार महत्त्वाची. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. उसाच्या ट्रॅक्टरला वाट देत आपण कायम कडेनेच पळतो. म्हणजे एक पाय नेहमी उतारावर. त्यात तळ उंच असेल, तर घोट्यावर येणारा मोमेंट वाढतो. डांबर सोडून खडीच्या साइडपट्टीवर पाय पडला की विचारूच नका.

आता घड्याळ लावा

'हलकं वाटतंय' हा पुरावा नाही. नवा बूट घातला की जोर आपोआप येतो. म्हणून चाचणी अशी लावा, की मनाचा खेळ कमीत कमी चालेल.

कमी वाहनांचा, सपाट, एक किलोमीटरचा पट्टा टेपने मोजून दोन खुणा करा. मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नका. किलोमीटरला दहा मीटरची चूक म्हणजेच एक टक्का, आणि आपण शोधतोय तो फरकही तेवढाच. किराणा दुकानाच्या काट्यावर दोन्ही जोडांचं वजन करून लिहून ठेवा. नव्या बुटात आधी चार-पाच दिवस हलकं पळा. मग नीट वॉर्मअप करून, मध्ये सारखी विश्रांती घेऊन, सारख्याच जोराने चार वेळा पळा. क्रम ठेवा अ-ब-ब-अ. अ म्हणजे जुना बूट, ब म्हणजे नवा. हा क्रम का? दर फेरीला थकवा सारखा वाढतो असं धरलं, तर पहिल्या आणि चौथ्या फेरीच्या थकव्याची बेरीज दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या बेरजेइतकीच येते. दोन्ही बुटांवर सारखा अन्याय! घड्याळ मित्राच्या हातात द्या आणि चारही फेऱ्या होईपर्यंत वेळ विचारू नका.

समजा, जुन्या बुटाची सेकंदं आली २६० आणि २६५. नव्याची २५९ आणि २६२. सरासरी २६२.५ आणि २६०.५. नवा बूट दोन सेकंदांनी, म्हणजे पाऊण टक्क्याने वेगवान? थांबा. जुन्या बुटाच्या स्वतःच्याच दोन फेऱ्यांत पाच सेकंदांचं अंतर आहे. त्यासमोर दोन सेकंदांना काय किंमत? हीच चाचणी आठवड्याच्या अंतराने आणखी तीनदा करा. चारही वेळा नवा पुढे राहिला तर त्यात काहीतरी आहे. कधी हा, कधी तो पुढे आला, तर तुमच्या पायाला फरक कळत नाही असं समजा आणि स्वस्तातला घ्या.

टिकाऊपणा आणि दुखापत

शर्यतीच्या बुटाचा फोम लवकर थकतो. म्हणून तो रोजच्या सरावाला वापरायचा नाही. उन्हाळ्यात तो तापलेल्या पत्र्यावर वाळत घालू नका. उष्णतेने फोम आणि चिकटवण दोन्ही खराब होतात. ताठ प्लेटने पायावरचा भारही वेगळ्या जागी जातो. २०२३ मध्ये डॉक्टरांनी कार्बन प्लेटचे बूट वापरणाऱ्या काही खेळाडूंच्या पायाच्या मधल्या भागातल्या हाडाला झालेल्या इजा नोंदवल्या आहेत. दोष बुटाचाच, असं त्यातून सिद्ध होत नाही, पण सवय हळूहळू लावावी हे नक्की. आणि शर्यतीच्या दिवशी नवा कोरा बूट कधीही नाही!

तर मित्रांनो, क्रम पक्का करा. पहिलं बसणं, दुसरा तोल, तिसरं वजन, चौथा फोम आणि सगळ्यात शेवटी प्लेट. पहिल्या दोनांत नापास झालेला बूट पुढच्या तिनांत डिस्टिंक्शन घेऊनही उपयोगाचा नाही. भरतीच्या मातीच्या मैदानावर पळणाऱ्या पोराला नीट बसणारा, हलका, साधा बूट पुरतो. उरलेल्या पैशांत दूध, अंडी आणि शेंगदाणे येतात.

सुट्टीत गावी जाल तेव्हा टेप, स्टॉपवॉच आणि चार कोरे कागद सोबत न्या. पहाटे पळणाऱ्या एखाद्या पोराचा पाय मोजून द्या. वीस हजारांची खरेदी करायची की नाही, हे त्याला अर्ध्या तासात पुष्कळसं कळेल. आपल्या शिक्षणाचा गावाला एवढा उपयोग तर व्हायलाच हवा, नाही का?