उजव्या अंगठ्याचे दोन फोन

विरारहून येणारी लोकल दहिसरला रिकामी येत नाही. विरार, नालासोपारा, वसई, नायगाव, भाईंदर, मीरा रोड अशी सहा स्टेशनं तिने आधीच पोटात घेतलेली असतात. चर्चगेटपर्यंतचे सुमारे ३६ किलोमीटर उभ्यानेच जायचं, डावा हात वरच्या हँडलला. मोकळा राहतो उजवा हात, आणि कामाचा म्हणाल तर त्याचा अंगठा. २००९ ते २०१२च्या दरम्यान या अंगठ्याखाली दोन फोन हमखास दिसायचे: नोकियाचा ई-६३ आणि ब्लॅकबेरीचा कर्व्ह ८५२०. आमच्या घरात दोन्ही होते. ई-६३ माझा, कर्व्ह धाकट्या बहिणीचा. कोणता सरस यावर तेव्हा बरीच भांडणं झाली. आज पुन्हा दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, तर निकाल तेव्हापेक्षा वेगळा लागतो.

ई-६३ नोव्हेंबर २००८मध्ये जाहीर झाला. त्याच वर्षीच्या ई-७१ची ही स्वस्त बहीण. पोलादी अंग जाऊन प्लास्टिक आलं, जीपीएस गेलं, कॅमेरा ३.२वरून २ मेगापिक्सेलवर उतरला. पण ३६९ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि १५०० एमएएचची बॅटरी तशीच ठेवली, आणि वर साधा ३.५ मिलिमीटरचा हेडफोन जॅक दिला, जो ई-७१मध्येही नव्हता. कर्व्ह ८५२० ऑगस्ट २००९चा. त्याचा प्रोसेसर ५१२ मेगाहर्ट्झचा, कॅमेरा तसाच २ मेगापिक्सेलचा, वजन १०६ ग्रॅम; ई-६३ भरायचा १२६. पडदे दोघांचे ३२० बाय २४० ठिपक्यांचे. मात्र कर्व्हची बॅटरी ११५० एमएएच, त्यात थ्रीजी नाही आणि एफएम रेडिओही नाही. सलग बोलण्याचा कंपन्यांचा दावा पाहिला तर ई-६३चा अकरा तास, कर्व्हचा साडेचार. संध्याकाळच्या परतीच्या गाडीत हा फरक सगळ्यांना दिसायचा.

कागदावर ई-६३ सहज जिंकतो. पण या फोनांचं खरं अंग म्हणजे कीपॅड, आणि तो कागदावर उतरत नाही.

प्रत्येक बटणाखाली धातूची एक बारीक, फुगीर चकती असते. दाबली की ती खाली बसते, विद्युतमंडल जुळतं, आणि सोडताच टक् करून वर येते. पडद्याकडे न बघता अक्षर उमटल्याची पोच बोटाला मिळते ती या चकतीमुळे. ई-६३ची बटणं सपाट आणि एकमेकांना खेटून बसवलेली, म्हणून सुरुवातीला शेजारचं अक्षर पडायचं. कर्व्हच्या बटणांना तिरका उंचवटा होता, त्यामुळे नखानेही अचूक टंकता यायचं. इथे कर्व्ह निर्विवाद पुढे. बहिणीचा वेग मला कधी गाठता आला नाही.

आकड्यांच्या बाबतीत मात्र उलटं. नोकियाने आकडे मधोमध ठेवले होते: आर, टी, वाय या अक्षरांवर १, २, ३, एफ, जी, एच वर ४, ५, ६, व्ही, बी, एन वर ७, ८, ९, आणि शून्य एम वर. ब्लॅकबेरीने तेच आकडे डावीकडे, डब्ल्यूपासून सुरू केले होते. दोन हातांत फोन धरणाऱ्याला या फरकाचं काहीच वाटणार नाही. हँडलला लटकलेल्या माणसाला मात्र उजव्या अंगठ्याने डब्ल्यूपर्यंत पोचताना तळहातातला फोन सरकवावा लागतो, आणि अंधेरीची गर्दी चढत असली तर तो सरकून नेमका कुठे जाईल सांगता येत नाही. शिवाय कर्व्हवर जुन्या ट्रॅकबॉलऐवजी प्रकाशावर चालणारा ट्रॅकपॅड होता. ब्लॅकबेरीत तो या फोनपासूनच आला. कोरड्या बोटाला फार छान, पण पावसाळ्यात ओल्या अंगठ्याखाली तो अडखळायचा. ई-६३चं चौफेर बटण निमूट चालत राहायचं. स्पेसचं बटण दाबून धरलं की कॅमेऱ्याजवळचा दिवा टॉर्चसारखा लागायचा, ही सोय तर मी रोज वापरत असे.

मग कॉलेजातली सगळी पोरं कर्व्हच्या मागे का होती? कारण त्याची ताकद फोनच्या बाहेर होती. ब्लॅकबेरीचा सगळा मजकूर कंपनीच्या सर्व्हरवरून दाबून, लहान करून यायचा, म्हणून साध्या एज नेटवर्कवरही तो चटकन पोचायचा. माझ्या फोनात थ्रीजी होतं खरं, पण मुंबईत ते २००९पासून फक्त एमटीएनएलकडे. खासगी कंपन्यांची सेवा स्पेक्ट्रमच्या लिलावानंतर, २०१०च्या अखेरीपासून सुरू होऊ लागली. तोवर माझं थ्रीजी नुसतंच नावाला. बहिणीकडे बीबीएम, म्हणजे ब्लॅकबेरी मेसेंजर, होतं: आठ अक्षर-आकड्यांचा पिन द्या, मैत्री सुरू. निरोपाशेजारी डी आलं की पोचला, आर आलं की वाचला. 

आम्ही एसएमएसवाले मात्र मोजूनमापून लिहायचो. रोमन लिपीत एका निरोपात १६० अक्षरं मावतात. देवनागरीत फक्त ७०, आणि त्यातही काना, मात्रा, वेलांटी प्रत्येक वेगळी मोजली जाते. चार अक्षरांचं ‘दहिसर’ पाच भरतं. म्हणून मराठी निरोपही रोमनमध्येच जायचे, आणि माझ्या मते आपल्या लिहिण्याच्या सवयीला लागलेलं ते वळण अजून पुरतं सुटलेलं नाही. त्यात दिवाळीसारख्या सणाला एसएमएस पॅक चालायचा नाही, प्रत्येक शुभेच्छेचे पैसे वेगळे. सप्टेंबर २०११मध्ये तर दूरसंचार नियामक ट्रायने दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली. बहिणीला यातल्या कशाचीच झळ नव्हती.

पण फोनच्या बाहेरची ताकद बाहेरच अडूही शकते. १० ऑक्टोबर २०११ला ब्लॅकबेरीच्या यंत्रणेतला एक मुख्य स्विच बिघडला, पर्यायी व्यवस्थाही चालली नाही, आणि युरोप, आखात, आफ्रिकेसोबत भारतातलेही फोन मुके झाले. काही दिवस बीबीएम नाही, ईमेल नाही. त्या आधीच्या वर्षी आपल्या गृहखात्याने याच सर्व्हरमधला मजकूर पाहायला मिळावा म्हणून ३१ ऑगस्टची मुदत दिली होती. गोपनीयतेचा तो वाद मला आजही महत्त्वाचा वाटतो, कारण निरोप नेमका कोणाच्या ताब्यातून जातो हा प्रश्न सामान्य माणसाच्या कानावर तेव्हा पहिल्यांदा पडला.

त्यानंतर एकेक दिवा विझत गेला. व्हॉट्सॲपने ई-६३च्या सिम्बियन एस-६०ला जून २०१७अखेर निरोप दिला, ब्लॅकबेरीला त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर. सर्वसामान्यांचं बीबीएम ३१ मे २०१९ला बंद झालं. ४ जानेवारी २०२२ला ब्लॅकबेरीने जुन्या फोनांच्या सेवा थांबवल्या आणि त्यांवर कॉल व एसएमएस भरवशाने चालतील याचीही हमी काढून घेतली. 

आता दोघांची तुलना करायची तर बहिणीचा कर्व्ह बॅटरी काढून घालूनच सुरू होतो, घड्याळाचं चिन्ह बराच वेळ पडद्यावर राहतं, आणि उघडल्यावर करण्यासारखं फार थोडं उरतं. कीपॅड अजूनही उत्तम आहे. टंकायला माणूस हवा फक्त. ई-६३वर आजची संकेतस्थळं उघडत नाहीत, कारण त्यांची सुरक्षा-कुलुपं या फोनच्या ओळखीची नाहीत, आणि थ्रीजीही मुंबईतून जवळजवळ गेलंच. पण टूजी चालवणाऱ्या कंपनीचं सिम घातलं की फोन लागतो. हेडफोन जोडला की त्याच्या वायरीचीच एरियल होते आणि एफएम वाजतो. टॉर्च लागते. बॅटरी बीपी-४एल, हीच नोकियाने ई-७१, ई-७२ आणि एन-९७मध्येही वापरली, त्यामुळे ती शोधायला फार वणवण करावी लागत नाही. फक्त घेताना फुगलेली नाही ना, हे काचेवर ठेवून पाहायचं. सपाट बसली तर घ्यायची, गरगर फिरली तर परत द्यायची.