राखणदारांचें बंड

सातारा-सांगलीकडील जुन्या वाड्यांशीं ज्यांचा संबंध आला आहे, अशा वाचकांस रामोशी म्हणजे कोण हें सांगण्याची आवश्यकता नाहीं. देवडीवर रामोशी बसला म्हणजे घरधनी निःशंकपणें निद्रा घेई. ज्याच्या भरंवशावर आपल्या वाडवडिलांनीं घरदार सोंपविलें, त्याच्याच जातीचें नांव पुढें सरकारी दप्तरांत ‘गुन्हेगार’ म्हणून कसें चढलें, याचा विचार मात्र आपल्यांत क्वचितच होतो.

मराठी राज्यांत गडाचीं मेटें राखणें, चोराचा माग काढणें, आणि माग न लागल्यास चोरीची भरपाई करणें, हें रामोशाचें काम असे. त्याबद्दल त्यास इनाम जमीन व गांवाकडून धान्याचा वांटा मिळे. १८१८ सालीं पेशवाई बुडाली. कंपनी सरकारास गडांचें प्रयोजन उरलें नाहीं; शिबंदी मोडली, आणि पिढीजाद जमिनी व हक्कही गेले. त्यांतच १८२५ च्या सुमारास अवर्षण पडलें. ज्याच्या हातीं पिढ्यान्‌पिढ्या शस्त्र होतें, त्यानें उपाशीपोटीं स्वस्थ बसावें ही अपेक्षा व्यर्थ होय!

पुरंदराच्या पायथ्याच्या भिवडीचा उमाजी नाईक यांतूनच पुढें आला. त्याच्या टोळ्यांनीं गांवें लुटलीं व रयतेसही झळ पोंचली, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु कंपनी सरकारास रोगाचें निदान ठाऊक होतें. कारण मध्यंतरीं त्यानेंच उमाजीस माफी, पगार व जमीन देऊन पुन्हा राखणीस लाविलें होतें. हा समेट टिकला नाहीं. ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं पुण्यांत उमाजीस फांशी दिलें. त्याच्या पाठलागावर असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉश यानें पुढें रामोशांवर ग्रंथ लिहिला. उमाजीसमोर शिवछत्रपतींचा आदर्श होता, हें त्यासही नमूद करावें लागलें.

असाच प्रकार तीस वर्षांनीं अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतांत घडला. डकोटा लोकांनीं १८५१ च्या तहांनीं जमीन दिली. मोबदल्याचे वार्षिक पैसे १८६२ सालीं वेळेवर आले नाहींत, व व्यापाऱ्यांनीं उधार धान्य नाकारलें. भुकेल्या लोकांनीं वसाहतवाल्यांवर शस्त्र उचललें व शेंकडों माणसें मारलीं. ३०३ जणांस देहान्ताची शिक्षा झाली. अध्यक्ष लिंकन यांनीं बहुतेकांची शिक्षा रद्द केली, तरी २६ डिसेंबर रोजीं मॅन्काटो येथें ३८ जणांस एकाच वेळीं फांशी दिलें. पुढील वर्षीं तह रद्द ठरवून त्या लोकांस प्रांताबाहेर घालविलें. ज्यांनीं शस्त्र धरलेंच नव्हतें, तेही त्यांत भरडले गेले.

आपल्याकडे हद्दपारीऐवजीं नोंदवही आली. १८७९ सालीं वासुदेव बळवंत फडके यांनीं बंड उभारलें, तेव्हां सुशिक्षित मंडळी घरींच राहिली व रामोशी त्यांच्या मागें गेले. १८७१ सालचा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ सालीं देशभर लागू करण्यांत आला. त्यांत सांपडलेल्या जमातींच्या लोकांनीं बोटांचे ठसे द्यावे, ठरलेल्या वेळीं हजेरी द्यावी, परवान्यावांचून गांव सोडूं नये! गुन्हा केला कीं नाहीं याची चौकशी नव्हे, तर जन्म कोणत्या घरीं झाला एवढेंच पाहावयाचें.

मुंबई इलाख्यांत हा कायदा १९४९ सालीं व देशभर १९५२ सालीं उठला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादींत रामोशी आज आहेत; आणि ७ सप्टेंबर रोजीं उमाजीची जयंती सरकारी कचेऱ्यांतूनही साजरी होते.