दोष रेषेचा की पडद्याचा?

मोडी पत्रांतील अक्षरवळणांचा अभ्यास करताना पत्राच्या छायाचित्रावर पेन टॅब्लेटने अक्षरे गिरवण्याची पद्धत आमच्या काही विद्यार्थ्यांनी स्वीकारली आहे. गतवर्षी एका विद्यार्थ्याने छायाचित्राचा थर झाकून, केवळ गिरवलेल्या रेषा पाहून, ‘येथे लेखणी उचलली’ अशा नोंदी केल्या. मोडीत लेखणी शक्य तितकी न उचलता लिहिण्याकडे कल असल्यामुळे असे प्रत्येक स्थान महत्त्वाचे ठरते. परंतु पुढे तपासता त्यांतील पुष्कळसे खंड मूळ पत्रात नव्हते, जतन केलेल्या आकृतीतही नव्हते. ते केवळ पडद्यावर होते. प्रबंधात ते तसेच शिरले असते, तर यंत्राचा दोष लेखनिकाच्या हाताला चिकटला असता. म्हणून अशा दोषांची चिकित्सा कशी करावी, याचे विवेचन येथे थोडक्यात केले आहे.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, येथे दोन भिन्न प्रवाह असतात. पेनची हालचाल टॅब्लेटच्या ड्रायव्हरमार्फत संगणक-प्रणालीकडे व तेथून चित्रकलेच्या सॉफ्टवेअरकडे जाते. हा आगमनाचा प्रवाह. सॉफ्टवेअरच्या स्मृतीतील आकृती ग्राफिक्स कार्डमार्फत पडद्यावर येते. हा दर्शनाचा प्रवाह. पहिल्यात बिघाड झाल्यास आकृतीच सदोष होते. दुसऱ्यात झाल्यास आकृती शुद्ध राहून तिचे दर्शन तेवढे बिघडते.

या दोहोंतील भेद ओळखण्याची कसोटी सोपी आहे. प्रथम आकृती १०० टक्के आकारमानात पाहावी; कारण लहान करून पाहताना बारीक रेषा दातेरी किंवा तुटक भासू शकते. नंतर आकृती जतन करून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावी. खंड तेथेही दिसला तर दोष आगमनातील. न दिसला तर दर्शनातील. दर्शनातील दोष असेल तर पडद्याचे चित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, घेऊन दुसऱ्या यंत्रावर पाहावे. दोष त्यातही उतरला असेल, तर मॉनिटर व त्याची केबल निर्दोष समजावीत.

उपाययोजना या निदानानुसार करावी. क्रिता या मुक्त सॉफ्टवेअरचे उदाहरण घेऊ. त्याच्या सेटिंग्जमधील ‘डिस्प्ले’ विभागात ग्राफिक्स प्रवेगाची सोय आहे. विंडोज प्रणालीवर तेथे ओपनजीएल किंवा डायरेक्टथ्रीडीवर आधारलेला पर्याय निवडता येतो, अथवा प्रवेग पूर्णपणे बंदही करता येतो. पर्याय बदलल्यावर सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करावे. प्रवेग बंद केल्याने काम मंदावते. परंतु दोष नाहीसा झाला तर त्याचे मूळ ग्राफिक्स कार्ड व त्याचा ड्रायव्हर यांच्या बाजूस आहे, हे कळते. मग ड्रायव्हर अद्ययावत करून प्रवेग पुन्हा सुरू करून पाहावा.

दोष आगमनातील असल्यास, म्हणजे वळणाऐवजी सरळ तुकडे उमटत असल्यास किंवा दाब नोंदला जात नसल्यास, ‘टॅब्लेट’ विभागात विनटॅब व विंडोज इंक यांपैकी दुसरा मार्ग निवडून पाहावा. पूर्वीच्या टॅब्लेटचा ड्रायव्हर संगणकात शिल्लक असल्यास तो काढून टाकावा. दोन ड्रायव्हरांचा परस्परांशी संघर्ष होण्याचा संभव असतो.

मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा नियम कटाक्षाने पाळावा. ‘काल’ व ‘काळ’ या शब्दांत एकच ध्वनी भिन्न असल्यामुळेच ल व ळ हे स्वतंत्र स्वनिम आहेत, असे आपण म्हणू शकतो. तेथे दोन ध्वनी भिन्न असते तर अर्थभेद कोणामुळे झाला, हे सांगता आले नसते. यंत्राच्या परीक्षेतही न्याय हाच आहे. तीन पर्याय एकदम बदलून दोष गेला, तर काम सुरू होईल खरे. पण कारण अज्ञातच राहील.

तात्पर्य, पडदा हा पुरावा नव्हे. जतन केलेली आकृती हा पुरावा, आणि तिच्याही वरचा पुरावा म्हणजे मूळ पत्र. लेखणी उचलल्याची नोंद करण्यापूर्वी या तिन्हींचा मेळ घालावा, आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती व निवडलेले पर्याय प्रबंधात नमूद करावेत. उद्याच्या अभ्यासकाला आपले निष्कर्ष पडताळून पाहता यावेत, यासाठी एवढी काळजी आवश्यक आहे.